अनेक हातांचा निबंध

मे महिन्याची सुट्टी सरली, मृगाच्या सरी कोसळू लागल्या आणि शाळांच्या घंटा पुन्हा नियमाने वाजू लागल्या. वह्यांस नवी वेष्टणे चढली आहेत, दप्तरांचा कोरा वास अजून गेलेला नाही. अशा ह्या दिवसांत, आमच्या सभासद कुटुंबांपैकी ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले आहेत त्यांच्यापुढे, मराठी लेखनाच्या अभ्यासाविषयी एक सूचना ठेवावी असे आम्हांस वाटले. देवळाच्या पत्रिकेत शाळेचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु जी मुले आज दोन परिच्छेद स्वतःच्या बुद्धीने लिहू शकत नाहीत, ती उद्या ही पत्रिका कशी वाचणार, आणि परवा ती लिहिणार कोण?

शाळेचा पहिला आठवडा आणि 'माझी सुट्टी' हा निबंध यांची गाठ जणू ब्रह्मदेवानेच बांधून ठेवलेली आहे. मूल घरी येऊन आईस विचारते. आई चुलीपाशी गुंतलेली असते, ती ताईकडे बोट दाखविते. ताई चार वाक्ये सांगते. ताई नसेल तर निबंधाचे पुस्तक असते, आणि आता तर मोबाइल हाताशीच आहे. त्यास विषय सांगितला की तो क्षणात शंभर ओळी पुढे करतो. त्या ओळींत हिरवेगार डोंगर असतात, झुळझुळ वाहणारे झरे असतात. नसते ती एवढीच गोष्ट, की ह्या मुलाने सुट्टीत आजोळी जाऊन काजूच्या बिया वेचल्या आणि त्यांच्या चिकाने त्याचे बोट पोळले. मूल ते सारे उतरवून काढते, खाली गुरुजींची सही होते, आणि निबंध लिहून झाला असे सर्वांनी मानावयाचे. लिहिला कोणी, हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

ह्यात मुलाचा दोष आम्ही धरीत नाही. आपल्या डिचोली-पेडण्याकडील मुलांची अडचण थोडी निराळी आहे. घरी कोकणी, शाळेत मराठी. कुळागरातले, परसातले, शेतातले जे ज्ञान त्यास आजी-आजोबांकडून मिळते ते कोकणी शब्दांत मिळते. सरद कोणते आणि वायंगण कोणते, हे शेतकऱ्याच्या आठ वर्षांच्या मुलास विचारून पाहावे. तो बोट दाखवून सांगेल. तोच मुलगा वही पुढे ओढली की थबकतो. हे शब्द पुस्तकात नाहीत, तेव्हा ते वहीत चालणार नाहीत, असे त्यास वाटते. आणि हळूहळू त्याची अशी समजूत होऊन बसते की आपले घर, आपले शेत, आपली आजी ह्या वहीत येण्याच्या योग्यतेच्या गोष्टीच नव्हेत. शुद्धलेखनाच्या चुका कालांतराने सुधारतात. ही समजूत मात्र मॅट्रिकनंतरही सुटत नाही.

एकटे मूल जेथे अडते तेथे पाचजण मिळून अडत नाहीत. एकास गोष्ट ठाऊक असते, दुसऱ्यास तिचा शब्द, तिसरा वाक्य जुळवितो, चौथा विचारतो, 'हे असे कसे?' आणि त्या प्रश्नाने सर्वांस पुन्हा विचार करावा लागतो. ह्यास सहलेखन म्हणावे. पाच मुलांनी पाच निबंध लिहून ते एका पुठ्ठ्यात शिवणे म्हणजे सहलेखन नव्हे. एकच निबंध, त्यातले प्रत्येक वाक्य सर्वांनी ऐकलेले, आणि शेवटी सर्वांची नावे, असा तो प्रकार आहे.

ही रीत परकी नाही. किंबहुना मराठी गद्याचा आरंभच अशा रीतीने झाला. श्रीचक्रधरस्वामी उत्तरापंथे निघून गेल्यावर, तेराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास, रिद्धपूर येथे म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. म्हाइंभट मोठे पंडित. मनात आणते तर एकट्याने शास्त्रार्थाने भरलेला ग्रंथ रचते. त्यांनी तसे केले नाही. ज्यांनी स्वामींस पाहिले, ज्यांनी त्यांचे बोल ऐकले, अशा भक्तांकडे ते स्वतः गेले, एकेकाची आठवण विचारून घेतली आणि नागदेवाचार्यांकडून ती पडताळून लिहिली. त्यात स्त्रिया होत्या, साधी माणसे होती. पुढे धामधुमीच्या काळात मूळ पोथी नाहीशी झाली, तेव्हा शिष्यांनी आपापल्या पाठांतरातून ती पुन्हा उभी केली. हिराइसा नावाच्या शिष्येचा पाठ त्यांत प्रसिद्ध आहे. आणखी एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर एक खोडून दुसरी ठेवावी, असे त्या मंडळींनी केले नाही. निराळी आठवण 'वासना' म्हणून शेजारी नोंदवून ठेविली. मराठीस ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सर्वांनी आनंद केला. ज्या ग्रंथांच्या आधारे ही भाषा आपले वय सांगते त्यांतला हा एक ग्रंथ अनेकांच्या मुखातून आलेला आहे, हे मात्र त्या आनंदात फारसे कोणी बोलले नाही.

इतक्या दूर जावयाचे नसेल तर आपल्या जत्रोत्सवातील नाटक पाहावे. गावची मंडळी नाटक बसवितात तेव्हा प्रत्येकाच्या हाती आपापली नक्कल असते. परंतु तालमीस बसल्यावर एकाचे वाक्य दुसऱ्याच्या तोंडी शोभते असे दिसते, कोणी एक शब्द बदलतो, पडद्यामागून वाचणारा तो टिपून घेतो, आणि प्रयोगाच्या रात्री जे नाटक होते ते थोडे गावाचेही झालेले असते. दशावतारात तर संवादाची संहिताच नसते. समोरच्याने काय म्हटले त्यावर आपले बोलणे उभे राहते. जी माणसे रंगभूमीवर हे सहज करतात त्यांचीच मुले कागदापुढे एकेकटी का बसावीत?

शाळांतूनही हे पूर्वी होते. महाराष्ट्रात आणि गोमंतकात हस्तलिखित मासिकाची परंपरा होती, अजूनही काही शाळांत ती टिकून आहे. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात शिक्षक होते. तेथील छात्रालयात ते स्वतःच्या हाताने 'छात्रालय दैनिक' लिहून काढीत, आणि १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' हे मासिक सुरू केले. त्या दैनिकाचा बहुतेक भार गुरुजींच्याच लेखणीवर होता, हे खरे. तथापि आपल्या वसतिगृहात काल काय घडले ही गोष्ट आज वाचण्यासारखी असते, हे मुलांस प्रथम त्या कागदांनी शिकविले. आजच्या हस्तलिखितांत दोष शिरला आहे तो असा, की चांगले अक्षर असलेल्या चार मुली, चित्रे काढणारा एक मुलगा आणि सुविचार शोधून आणणारे गुरुजी एवढ्यांत ते उरकते. बाकीचा वर्ग प्रदर्शनाच्या दिवशी लांबून पाहतो.

सर्व वर्गाकडून लिहवून कसे घ्यावे, याची उत्तम पद्धत आम्हांस सापडली ती इटली देशातल्या एका डोंगरावरच्या खेड्यात. फ्लॉरेन्स शहराच्या उत्तरेस बार्बियाना नावाची लहानशी वस्ती आहे. तेथे १९५४ साली लोरेन्झो मिलानी नावाचे ख्रिस्ती धर्मोपदेशक नेमले गेले. वस्ती गरीब, मुले शेतकऱ्यांची, आणि त्यांतली पुष्कळशी सरकारी शाळेत नापास होऊन घरी बसलेली. धर्मोपदेशकांनी त्यांच्यासाठी आपल्या निवासातच शाळा चालविली. त्या शाळेतील आठ मुलांनी मिळून एक पुस्तक लिहिले. आपणांस नापास करणाऱ्या शिक्षिकेस लिहिलेले ते दीर्घ पत्र आहे. १९६७ साली ते प्रसिद्ध झाले आणि जगातील अनेक भाषांत गेले. ते कसे लिहिले, हे मुलांनी त्या पुस्तकातच सांगून ठेविले आहे. प्रत्येकाने सुचेल ते कागदाच्या कपट्यावर लिहावयाचे. एका कपट्यावर एकच गोष्ट, आणि तीही एकाच बाजूस. मग सर्व कपटे मोठ्या मेजावर पसरावयाचे. एकच गोष्ट दोनदा आली असेल तर एक कपटा बाजूस. जवळच्या गोष्टींचे ढीग करावयाचे. ढिगांतून प्रकरणे, प्रकरणांतून परिच्छेद. नंतर सर्वांनी मिळून फाजील शब्द, अवघड शब्द, लांब वाक्ये काटीत बसावयाचे. शेवटी बाहेरच्या माणसांस, शक्य तर फार न शिकलेल्यांस, बोलावून त्यांस ते कळते की नाही हे पाहावयाचे. आम्ही पुजाऱ्याच्या घरी वाढलेले असल्यामुळे, एका देवघरच्या माणसाने नापास मुलांसाठी हे केले याचे आम्हांस विशेष वाटले, हे मोकळेपणी सांगतो.

पद्धत वाचून ठेवण्याची नव्हे, करून पाहण्याची. गेल्या पावसाळ्यात आम्ही मंदिराच्या सभामंडपात रविवारी सकाळच्या आरतीनंतर सात मुले बसविली. चौथीतला एक, बाकी पाचवी ते आठवीची. आमचे स्वतःचे शिक्षण शालान्त परीक्षेपुरते. तेव्हा शिकविण्याचा आव आम्ही आणला नाही, पेन्सिली तासून दिल्या. चवथ जवळ आली होती, म्हणून विषय ठरला 'आमच्या घरची माटोळी'. प्रत्येकाने तीन कपटे लिहून आणावयाचे, कपट्यावर नाव घालावयाचे नाही.

एकवीस कपटे आले. ते चटईवर पसरून एकेक मोठ्याने वाचला. चार कपट्यांवर 'माटोळी फार सुंदर दिसते' हे एकच वाक्य होते. चौथ्यांदा ते वाचले गेले तेव्हा मुले आपणच हसू लागली आणि तीन कपटे बाजूस पडले. आम्हांस काही सांगावे लागले नाही. मग एक कपटा निघाला: 'कवंडळ लालभडक असते पण आजी म्हणते ते तोंडात घालायचे नाही.' सगळी मुले पुढे सरकली. प्रत्येकास असे काही तरी ठाऊक होते. चौथीतल्या मुलाच्या कपट्यावर एकच ओळ होती, की नागूलकुडा काढताना बाबांचा पाय निसरला. 'निसरला' नव्हे, 'घसरला' लिही, असे आठवीतल्या मुलाने सांगितले. त्यावर सहावीतल्या मुलीने विचारले, 'निसरडी वाट असे पुस्तकात आहे ना? मग निसरला का नको?' पाच मिनिटे ह्यावर वाद चालला. 'निसरला' राहिला. तो चौथीतला मुलगा त्यानंतर दर रविवारी सर्वांच्या आधी येऊन बसू लागला.

मग ढीग करावयाची वेळ आली. कोणी म्हणाले, रंगांप्रमाणे करू. कोणी म्हणाले, फळे निराळी, पाने निराळी. शेवटी वस्तू कोठून आल्या त्याप्रमाणे तीन ढीग झाले: रानातून, परसातून आणि बाजारातून. बाजारचा ढीग सर्वांत मोठा झाला. हे मुलांच्या ध्यानी आले तेव्हा ती क्षणभर बोलेनाशी झाली. त्यांतच एक कपटा होता, की आजोबांच्या लहानपणी कांगण्या विकत घेत नसत. मग विकत का घ्याव्या लागतात? रानात नाहीत म्हणून, की रानात जाण्यास वेळ नाही म्हणून, की ओळखू येत नाहीत म्हणून? सात मुलांपैकी दोघांसच कांगणीची वेल ओळखता येत होती. निबंध 'सुंदर दिसते' येथून निघाला होता, तो ह्या प्रश्नापाशी येऊन पोहोचला. हा प्रश्न एकाही कपट्यावर लिहिलेला नव्हता. एकवीस कपटे शेजारी ठेवल्यावर तो दिसला. पुढच्या रविवारपर्यंत मुलांनी घरोघरी वडीलधाऱ्यांस विचारून कोणती वस्तू गावात अजून कोठे मिळते याची यादी केली. दोन आजोबांची माहिती जुळेना. तेव्हा आम्ही म्हाइंभटांची रीत सांगितली, आणि दोन्ही माहित्या शेजारी शेजारी लिहिल्या गेल्या.

खर्डा तयार झाल्यावर बाहेरचा वाचक हवा. देवळात फुले घेऊन येणाऱ्या एका आजीस बसवून घेतले. तिला वाचता येत नाही, म्हणून सहावीतल्या मुलीने वाचून दाखविले. 'विविधरंगी वनसंपदा' येथे आजीने हात वर केला. 'म्हणजे कितें रे?' मुले एकमेकांकडे पाहू लागली. ते शब्द कोणाचे, हे कोणी सांगेना. शेवटी 'रानातली फळे' असे लिहिले, आणि आजीने मान हलविली. लाल शाईने जे काम दहा वर्षे होत नाही ते त्या एका प्रश्नाने झाले. यास्तव आमचे असे मत झाले आहे, की पहिल्या खर्ड्यास शिक्षकाचा किंवा पालकाचा हात लागू नये. ऱ्हस्व-दीर्घ शेवटी पाहावे. आधी पाहिले तर मुले ज्या शब्दाचे ऱ्हस्व-दीर्घ ठाऊक आहे तेवढेच शब्द लिहितात.

पक्की प्रत काढताना मात्र कुचराई नको. श्रीसमर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिला समास लेखनक्रियेस दिला आहे. अक्षर कसे असावे, ओळी कशा असाव्यात, समास किती सोडावा, लेखणी-शाई-कागद कसा निवडावा, हे सारे त्यात आहे. मुलांस तो समास अवश्य वाचून दाखवावा. आमच्या सात जणांनी परिच्छेद वाटून घेतले, म्हणून सात अक्षरे दिसतात, दिसोत. शेवटी सातही नावे वर्णानुक्रमे आहेत. ती प्रत नवरात्रात सरस्वतीपूजनास पुस्तकांच्या शेजारी मांडली होती.

आता शंका. हुशार मूल सारे काम करील आणि बाकीची आयती नावे लावतील, असे काही पालकांनी आम्हांस बोलून दाखविले. ही भीती खरी आहे. परंतु ती निबंध वाटून दिला तर. कपट्यांची रीत पाळली तर कपटे न आणणारा लगेच उघडा पडतो, आणि कपट्यावर नाव नसल्यामुळे हुशार मुलाचे वाक्यही नावावर तरून जात नाही. परीक्षेत एकट्यानेच लिहावयाचे आहे, मग ह्याचा उपयोग काय, ही दुसरी शंका. पोहणे शिकविताना आपण मुलास सुरुवातीपासून एकट्यास डोहात सोडीत नाही, एवढेच त्यास उत्तर. तिसरी शंका भांडणांची. भांडणे होतात. 'निसरला'वरून झाले तसे भांडण होत असेल तर ते होऊ द्यावे.

हे सत्राच्या आरंभीच सुरू करावे, याबद्दल आमचा आग्रह आहे. पहिली चाचणी होईपर्यंत वर्गात पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरलेले नसते. एकदा गुण लागले की मुले आपापल्या जागा धरतात. मग शेवटच्या बाकावरील मुलाचा कपटा पहिल्या बाकावरचा मुलगा मन लावून ऐकत नाही. शिवाय आपल्या खेड्यांतील सरकारी प्राथमिक शाळांत पट घटत चालला आहे. कित्येक ठिकाणी एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता एकत्र घेऊन बसतात. याविषयी हळहळण्यासारखे पुष्कळ आहे; पण सहलेखनास ही स्थिती सोयीची आहे. पहिलीतले मूल सांगेल, चौथीतले लिहील. शाळेस वेळ नसेल तर सभामंडप रविवारी मोकळाच असतो.

ह्या वर्षीचा विषय मुलांनीच निवडला आहे: 'तीन सुर्ले'. आपल्या डिचोली तालुक्यातले सुर्ला एक. सत्तरीत चोर्ला घाटाच्या वाटेवरचे दुसरे. आणि कदंबकालीन महादेवाच्या काळ्या पाषाणाच्या मंदिरामुळे सर्वत्र ठाऊक असलेले तांबडी सुर्ला तिसरे, ते आता धारबांदोडा तालुक्यात मोडते. आम्ही सुर्ल्याचे म्हटल्यावर परगावचा माणूस हमखास त्या मंदिराविषयी विचारतो. तेव्हा आपल्या सुर्ल्याविषयी काय सांगावे, हा मुलांपुढचा प्रश्न आहे. २०१२ साली खाणी थांबल्या तेव्हा येथे काय बदलले, त्यापूर्वी शेते कशी होती, घरांची व जागांची जुनी नावे कोणती, हे त्यांनी विचारावयाचे ठरविले आहे.

तेव्हा मुले हाती कपटा घेऊन आपल्याकडे येतील. त्यांस 'नंतर सांगतो' म्हणू नये. आपण कोकणीतच सांगावे. मराठी त्यांस शोधू द्यावी. आठवण निश्चित नसेल तर निश्चित नाही असेच सांगावे, मुले तशी नोंद करतील. घरात पाठकोरे कागद असतील तर ते टाकून न देता चार बोटे रुंदीचे कपटे करून रविवारी मंदिरात पाठवावेत. गेल्या वर्षी ते फार लवकर संपले. आणि ज्यांस वाचता येत नाही, पण ऐकून 'म्हणजे कितें रे?' असे विचारता येते, अशा आजी-आजोबांची आम्हांस चवथीपूर्वी दोन रविवार गरज पडेल.